वाकडी टाकी

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. माझ्या दिरांनी लग्न कधी केलंच नाही आणि घरं बांधली ती सगळी दुसऱ्यांची. आमच्या स्वतःच्या घरात न्हाणीघराचं दार अजून उचलून लावावं लागतं. भावजी नगरपालिकेत इंजिनिअर होते. आता निवृत्त झालेत, पण ते फक्त कागदावर. कुणाची गच्ची झिरपते, कुणाच्या गल्लीतलं गटार उलटं वाहतं, शाळेच्या जिन्याची एक पायरी जास्त उंच झालीय, की लोक सरळ आमच्या दारात. आणि हे महाशय हातातला घास ताटात ठेवून निघाले. लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा एवढा उत्साह मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला बांधलेलं एक पितळी वजन असतं, ओळंबा म्हणतात त्याला. तो यांच्या खिशात कायम. गावाने त्यांचं नावच ओळंबासाहेब ठेवलंय. माझे यजमान, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांना दोन शब्द सुनवायचं कामही माझ्या एकटीवर आलंय.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा उजाडायच्या आत हापशावर हंडे लावावे लागायचे. त्या रांगेत मी भांडायला शिकले. भावजी नुकतेच नोकरीला लागले होते. वरच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालून त्यांनी चौकातली पाण्याची उंच टाकी मंजूर करून घेतली आणि ती उभी राहीपर्यंत तिथेच तळ ठोकला. आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा नळ वाहिला तेव्हा मी तो बंदच करेना. सासूबाई ओरडल्या, पण हसत ओरडल्या. तेव्हापासून त्या टाकीला कुणी नावं ठेवली की मला झोंबतं.

ती नावं ठेवली चौकातल्या न्हाव्याने. तो तसा वाईट माणूस नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला. एका सकाळी दारात उभा राहून कापड झटकता झटकता त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, टाकी कललीय. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर आलं. दुपारपर्यंत निम्मं गाव त्याच्या दारात माना वर करून उभं होतं. मीही गेले. तिथून समोर डावीकडे टाकी दिसते आणि तिच्या शेजारी उजवीकडे नवी चार मजली इमारत, दोन्हींच्या मधे आभाळाची पट्टी. ती पट्टी खाली रुंद होती आणि वर निमुळती. खोटं कशाला बोलू, मलाही टाकी वाकडीच दिसली.

मग काय विचारता. टाकीखालच्या भाजीवाल्या पाट्या उचलून निघाल्या. नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंनी टाकी रिकामी करायला लावली आणि ती पाडायचं ठरलं. नळ कोरडे पडले. गावभर हंडे पुन्हा बाहेर निघाले आणि तहानलेल्या माणसाचं तोंड जसं सुटतं तशी तोंडं सुटली. टाकीतलं सिमेंट कुणी खाल्लं, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारलं जाऊ लागलं. ज्यांच्या घराचा उंबरासुद्धा भावजींनी फुकट बसवून दिला होता, ते रस्ता बदलून जाऊ लागले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. मी दोघीतिघींना रस्त्यातच झाडलं. भावजी मात्र कुणाला काही बोलले नाहीत.

संध्याकाळी ताटावर बसले आणि नुसती बोटं फिरवत राहिले. मी म्हटलं, जेवा, उपाशी राहून टाकी सरळ होत नाही. त्यांनी मान वर केली.

"वहिनी, लोक म्हणतात ते खरं असलं तर?"

 आजवर मी त्यांना दमलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं, पण घाबरलेलं कधी नाही.

"मी तिथे रोज उभा होतो," ते म्हणाले. "पण तेव्हा मला किती कळत होतं? माझी काही चूक राहिली असेल आणि ती कुणाच्या अंगावर आली, तर मी काय करू?"

 त्यांच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि मीही तशीच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टाकीकडे निघाले तेव्हा मी बादली घेऊन मागोमाग गेले. या वयात, त्या गुडघ्यांनी, ती उभी शिडी चढले. वरून दोरी सोडायची आणि वाऱ्याने वजन हलू नये म्हणून ते खाली पाण्याच्या बादलीत बुडवायचं, असं ते काम असतं. बादली धरायला मी. एका खांबाचं झालं की दुसऱ्याचं, दर वेळी ते उतरायचे, अंतर मोजायचे, पुन्हा चढायचे. मी वर बघत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते, कारण दुसरं काही केलं असतं तर रडू फुटलं असतं. वर दोरी खांबापासून जेवढी दूर, तेवढीच खालीही भरली. सगळ्या खांबांशी भरली.

"सरळ आहे," ते म्हणाले, आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

माझा जीव भांड्यात पडला. आता चौकात जाते आणि एकेकाची हजेरी घेते, असं म्हणून मी पदर खोचला. पण यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. ते टाकीकडे नाही, लोकांकडे बघत होते. न्हाव्याच्या दारात तेव्हाही चारपाच जण बोटं वर करून उभे होते.

"टाकी सरळ आहे. मग यांना वाकडं काय दिसतंय?"

मी म्हटलं, लोकांना चघळायला काहीतरी लागतं, राईचा पर्वत करतात, सोडून द्या आणि घरी चला.

"सगळं गाव एकाच वेळी तिरळं होत नाही, वहिनी."

आणि ज्याने त्यांची अब्रू वेशीवर टांगली होती, त्याच न्हाव्याच्या दारात जाऊन ते उभे राहिले. गर्दी बाजूला सरकली. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं, मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे. मग त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "टाकी हलली नाहीये. ती इमारत टाकीकडे येतेय."

इमारतीत वर काही बिऱ्हाडं होती आणि तळमजल्यावर एक शिंपीणबाई, पुढे दुकान, मागे घर. भावजींनी तिला विचारलं, दारं नीट लागतात का. ती हसली. म्हणाली, दार तर सुताराकडून दोनदा तासून घेतलं, तरी अडकतंच. आणि दोऱ्याचं रीळ खाली पडलं की आपलं आपण त्या टाकीकडच्या कोपऱ्यात जातं. तिची लहान लेक रिळांच्या शर्यती लावायची. भावजी हसले नाहीत. त्या कोपऱ्याशी पूर्वी काय होतं, ते त्यांना आठवलं होतं. जुनी विहीर होती तिथे. ती बुजवल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. इमारत आजच्या आज रिकामी करा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

तेवढ्यात इमारतीचा कंत्राटदार आला. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते त्या दिवशी समजलं. स्वतःची टाकी वाचवायला हा माणूस माझ्यावर बालंट आणतोय, असं तो चौकभर सांगू लागला. आणि लोकांना ते पटलंसुद्धा. वरच्या मजल्यावरचे लोक घर सोडायला तयार होईनात. न्हावी म्हणाला, साहेब, हे तुम्हाला शोभत नाही. मी तोंड उघडणार होते, पण भावजींनी मला हाताने थांबवलं. खिशातली दोरी काढून त्यांनी न्हाव्याच्या हातात दिली.

"वाकडं आधी तुम्हाला दिसलं. मोजाही तुम्हीच. गच्चीवर जा आणि टाकीकडच्या भिंतीवरून ही खाली सोडा."

न्हावी वर गेला. दोरी खाली आली. गच्चीच्या काठाशी ती भिंतीला चिकटून होती आणि खाली बादलीपाशी भिंतीपासून चांगली वीतभर लांब. न्हावी उतरून आला, भिंत आणि दोरी यांच्यामधे त्याने आपला पंजा घालून पाहिला.  मग तो तडक शिंपीणबाईच्या दुकानात शिरला आणि तिचं शिवणयंत्र उचलून बाहेर आला. त्यावर कुणाला काही सांगावं लागलं नाही. उन्हं कलायच्या आत इमारत रिकामी झाली. कुणी नातेवाइकांकडे गेलं, कुणी शाळेत. शिंपीणबाई लेकीला घेऊन आमच्याकडे आली.

पुढच्याच आठवड्यात तो कोपरा खचला. विहीर राडारोड्याने भरून कंत्राटदाराने तिच्यावरच खांब उभा केला होता. तळमजल्याची मागची खोली, जिथे मायलेकी झोपायच्या, तिची जमीन भिंतीसकट खाली गेली. आत चिटपाखरू नव्हतं. बाहेरून दुसरे इंजिनिअर आले, त्यांनी टाकीही तपासली आणि तिला काही झालेलं नाही असं लिहून दिलं. टाकी भरली. इमारत वरून एकेक मजला करत उतरवायला घेतली. कंत्राटदार कुठे गेला ते पोलिसांना विचारा.

टाकी भरली त्या दुपारी न्हावी आमच्याकडे आला. मागे भाजीवाल्या होत्या, आणखीही चारदोन जण, आणि सगळ्यांच्या माना खाली. मी याच दिवसाची वाट बघत होते. कुणाला काय सुनवायचं, ती वाक्यं मी घोटून ठेवली होती, आणि सिमेंट कुणी खाल्लं यावर तर खास तयारी होती.

न्हावी उंबऱ्याशीच थांबला आणि म्हणाला, आमचं चुकलं साहेब, माफ करा.

"माफी कसली मागता?" भावजी म्हणाले. "माझ्या टाकीला तुम्ही वाकडी म्हणालात, म्हणून मी वर बघितलं. त्या इमारतीवरून मी रोज जात होतो. मला काही दिसलं नव्हतं."

 मग ते मधल्या खोलीकडे वळून बघत राहिले. तिथे सतरंजीवर शिंपीणबाईची लेक झोपली होती, तोंड उघडं, एक पाय भिंतीवर टाकलेला. न्हाव्याने पाहिलं. भाजीवाल्यांनी पाहिलं. 

माझी सगळी वाक्यं घशातच राहिली. मी एवढंच म्हटलं, आत या, बसा, पण हळू बोला, ती उठेल.