गावदेवीला बोललेली कोंबडी

मी एक जुनी गावठी कोंबडी आहे. रंग तांबडा, मानेवर थोडी काळी पिसे, डाव्या पायाचे एक बोट आखूड. सानपाड्याच्या गावठाणात दुर्गाबाईंच्या मागील दारी मी राहते. मित्रांनो, कोंबडीने आपले आत्मवृत्त सांगावे असे सहसा घडत नाही, कारण सांगण्याच्या वयाला ती पोहोचतच नाही. मी पोहोचले. त्याला कारण झाले माझे दुखणे.

माझा जन्म भाताच्या तुसावर, एका फुटक्या टोपलीत झाला. भावंडे पुष्कळ होती. काही घारीने नेली, काही मुंगसाने, उरलेली पाहुण्यांनी. त्यात घार बरी. ती निदान आपल्यासमोर मसाला वाटत नाही.

शेवटी परड्यात मी एकटीच राहिले, पण माझे दिवस चांगले गेले. गावची शेते तेव्हा नव्या शहरासाठी गेली होती, पण मागील दारची माती आमचीच होती. तिथे गांडुळे होती, अंग घोळवायला धूळ होती, आणि खाडीतल्या तिसऱ्या खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा मोठा ढीग होता. त्या ढिगावर मी रोज चोच मारत असे. माझ्या अंड्याचे कवच इतके टणक असे, की दुर्गाबाई ते कढईच्या काठावर दोनदा आपटत. गावात कोणी बाळंत झाली की माझी अंडी तिकडे जात. दुर्गाबाईंचे यजमान वामन नाक्यावर सांगत, "आमची कोंबरी म्हंजे घड्याल हाय, घड्याल!" हे ऐकून मी मान थोडी ताठ ठेवून चालत असे. हा दोष माझ्यात होता.

मग वामनना तुर्भ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. घरात रंगीत टीव्ही आला. टीव्हीच्या घराला चिखलाचे परडे शोभत नाही, असे वामनचे मत पडले. त्यांनी मागील दारी सिमेंटचा कोबा करून घेतला. शिंपल्यांचा ढीग राडारोड्याबरोबर टेंपोतून गेला. कोबा फार सुंदर झाला. वामन संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकून बसत. मी मात्र सवयीने पायाने उकरायला जाई आणि माझी नखे तेवढी झिजत.

दाण्याची सोय वामननी केली. कारखान्याच्या कँटीनमधले उरलेले शिळे पाव ते पिशवी भरभरून आणू लागले. चहात बुडवून ते माझ्यापुढे टाकत आणि म्हणत, "खा, मज्जा कर." मी खाल्ले. मला कोणी शिकवले नव्हते की पाव हे कोंबडीचे अन्न नाही, आणि चव वाईट नव्हती.

काही दिवसांत माझ्या मानेखालची दाण्याची पिशवी रबरी चेंडूसारखी फुगली. दाणा खाली उतरेना, तोंडाला आंबूस वास येऊ लागला. त्यातच अंडी पातळ कवचाची होऊ लागली, आणि एके सकाळी अंडे आतच अडकले. मी पिसे फुगवून, शेपूट खाली टाकून, पाय फाकवून कोब्याच्या मधोमध उभी राहिले.

शेजारच्या गोजराबाई बघायला आल्या. त्यांच्याकडे बकऱ्या आहेत, त्यामुळे जनावरांच्या आजारात त्यांचा शब्द शेवटचा, असे त्या स्वतः सांगतात.

"गो दुर्गे, हिची मान बघ. पाव अडकलाय."

"मान काय बघतंस? शेपूट बघ. अंडं अडकलंय," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मी येवढ्या बकऱ्या पालल्या, मना शिकवतंस?"

"बकरीचं वेगलं, कोंबरीचं वेगलं!"

दोघी माझ्या एकेका टोकाला धरून भांडत होत्या. दोघींचेही बरोबर होते, पण हे मी सांगणार कसे? एवढ्यात वामन चहाची बशी घेऊन दारात आले.

"भांडू नका. रविवारी माझा सुपरवायझर जेवाय येनार हाय. मी त्याला गावठी कोंबरीचा रस्सा कबूल केलाय. कापली की आपोआप कलेल, काय अडकलंय ते."

हे त्यांनी अगदी शांतपणे सांगितले आणि बशीतला चहा फुंकून प्यायले. मी कोब्यावर मटकन बसले. ते अंड्यामुळे की सुपरवायझरमुळे, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुर्गाबाईंचा चेहरा उतरला. नवऱ्याशी वाद घालून उपयोग नाही, हे त्या जाणून होत्या. त्यांनी गावदेवीच्या दिशेला तोंड केले, पदर पसरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आई गावदेवी, माझी कोंबरी बरी होऊं दे. जत्रेला तुना घरची कोंबरी देईन!"

मग गोजराबाईंनी विचारले, "घरची कंची?"

"म्हंजे?"

"गो बाय, तुझ्या घरान येकच कोंबरी हाय. हीच!"

दुर्गाबाईंनी माझ्याकडे बघितले. मी त्यांच्याकडे बघितले. मित्रांनो, माझी परिस्थिती नीट समजून घ्या. बरी झाले तर गावदेवीला, नाही झाले तर सुपरवायझरला. अशा वेळी कोंबडीने काय करावे?

पण त्या नवसाने एक काम लगेच केले. देवीला बोललेली कोंबडी घरच्या हंडीत जाऊ शकत नाही. एवढा धाक वामनलाही होता. त्यांनी बशी खाली ठेवली, दोन्ही हात कानांना लावले आणि रविवारी मुकाट्याने बाजारातून बॉयलर कोंबडी आणली. सुपरवायझर बोटे चाटत म्हणाला, "वामन, गावठीची चवच वेगळी रे! शहरात ही मिळत नाही." वामन नुसते "हां, हां" करत राहिले.

इकडे माझे उपचार सुरू झाले. गोजराबाईंचा पहिला बेत मला उलटी टांगून पाव बाहेर काढण्याचा होता. दुर्गाबाईंनी तो साफ मोडून काढला. "तुझ्या बकऱ्यांना टांग." मग तह झाला. पुढचे टोक गोजराबाईंकडे, मागचे दुर्गाबाईंकडे. पाव बंद झाला. गोजराबाई खोबरेल लावून माझी पिशवी हलक्या हाताने चोळत, वरून खाली. दुर्गाबाईंनी घमेल्यात कोमट मिठाचे पाणी घेतले आणि मला त्यात पोटापर्यंत बसवले. कोमट पाण्यात बसणे इतके सुखाचे असते हे मला ठाऊक नव्हते. मी डोळे मिटले. पाण्यातच माझे अंडे सुटले.

ते अंडे होते, पण त्याला कवच नव्हते. नुसता पडदा. दुर्गाबाईंच्या हातात ते फुटले.

"कवच आनील कुठशी बिचारी?" गोजराबाई म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्याच्या कोब्यावरशी?"

वामन कामावर गेल्यावर दुर्गाबाईंनी पहार घेतली आणि कोब्याचा एक कोपरा फोडून काढला. खालची काळी माती वर आली. त्या दिवशी त्यांनी तिसऱ्या रांधल्या, शिंपल्या भाजून कुटल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. संध्याकाळी वामननी फुटलेला कोपरा बघितला, तिसऱ्यांचा वास घेतला, आणि जेवायला बसले.

मी बरी झाले. हळूहळू पिशवी रिकामी झाली, चेंडू गेला, अंडी पुन्हा टणक झाली. घरातल्या सगळ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण जत्रा तोंडावर आली होती, आणि मी घातलेले प्रत्येक अंडे दुर्गाबाई चोरीचा माल असल्यासारखे पदराखालून आत नेत.

जत्रेच्या आधी देवजी भगत आले. गावदेवीचा मान तेच बघतात. आजारी जनावर देवीला चालत नाही, म्हणून ते आधी तपासून जातात. त्यांना बघताच मी माझ्या कोपऱ्यातल्या धुळीत अंग चोरून बसले.

"काय गो दुर्गे, कोंबरी बरी झाली ना?"

"नाय मामा. अजून बरी नाय."

"खाते?"

"खाते, पन अंगाला लागत नाय."

वामन ओटीवर भाकरी खात बसले होते. त्यांच्या ताटात तळलेले अंडे होते. त्यांनी भरल्या तोंडाने सांगितले, "लय आजारी हाय मामा. बघवत नाय."

देवजींनी ताटाकडे बघितले. "मंग हे अंडं कुठलं?"

"गोजराकडचं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"गोजराकडं तर बकऱ्या हायेत."

वामनचा घास हातातच राहिला. देवजींनी चपला काढल्या, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "दुर्गे, तुज्या गोजराच्या बकरीचं येक अंडं मना पन तल. मिरची जास्ती घाल."

त्यांनी दोन खाल्ली. हात धुतले. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी मला उचलले, मानेखाली बोटांनी दाबून बघितले, पोट चाचपले. तिथे काहीही नव्हते. ते बराच वेळ विचार करत राहिले.

"हां," ते शेवटी म्हणाले. "थोरी कसर हाय. आशी देवीला देता येनार नाय. यंदा नारल दे, मुदत माग. पुढच्या जत्रेला बघू."

दुर्गाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि नारळ दिला.

तेव्हापासून जत्रा दर वर्षी येते. देवजी दर वर्षी येतात, अंडी खातात आणि माझ्यात थोडी कसर काढून जातात. गावदेवीने आजवर तक्रार केलेली नाही. तिलाही मुदत देण्याची सवय झाली असावी.

मित्रांनो, तुमच्या परड्यात कोंबडी असेल तर तिला पाव घालू नका. थोडी माती राखा, भाजून कुटलेल्या शिंपल्या द्या, पाणी स्वच्छ ठेवा. ती गप्प उभी राहिली तर तिच्या दोन्ही टोकांकडे बघा. आणि सानपाड्याला आलात तर मला जरूर भेटा. मी उत्तम आहे. फक्त कोणी विचारले तर सांगा, आजारीच दिसली.