दरडीखालची जेवायची जागा

मला सेफ्टी कमिटीत घेतलं ते का, तर कायद्यात एक कामगार पाह्यजे आन् एक बाई पाह्यजे असं लिव्हलेलं. मी दोन्ही हाय. एका खुर्चीत दोन माणसं भागली, म्हणून बोलावलं. माझ्या डोस्क्यात काय हाय ते ऐकाय न्हवं.

मी धुरपदा, निमोण्याची. आमच्या माळावर ते मोठं संशोधन केंद्र बांधायचं चाललंय, तिथं बायांच्या टोळीची मुकादम हाय. मला धरून आम्ही बावीस जणी. जमिनीखाली गोल बोगदा काढायचा आन् त्यात म्हणं डोळ्याला न दिसणारे कण पळवायचे. पळवा बापडे. इद्येचं काम हाय, मला त्यातलं कळत न्हाई आन् मी त्याला हसणार बी न्हाई. पण बोगद्याच्या आधी चर खणावा लागतो, कातळाला सुरुंग लावावा लागतो, आन् त्या चरात सळया बांधाय, काँक्रीटवर पाणी मारायला माझ्या बाया उतरत्यात. एवढं मला चांगलं कळतं.

पहिल्या मीटिंगला चहा, बिस्कीट आन् एसीचा गारेगार हॉल. सेफ्टीचे बर्वे साहेब पुण्याचे. त्यांनी टेबलावर प्लॅन ठेवला, अडीचशे पानांचा. साप चावला तर काय, वीज पडली तर काय, समदं त्यात. कणांपासनं धोका झाला तर काय, त्याला बी तीन पानं! आवो, ते कण यायला अजून धा वर्सं हायती.

मग सुरुंगाचं पान आलं. बर्वे साहेब वाचाय लागले, "पावणेबाराला साइटचा भोंगा तीन वेळा वाजेल. भोंगा ऐकताच सर्वांनी चरातून वर मैदानात यायचं. बारा वाजता स्फोट."

मी हात वर केला. म्हणलं, "साहेब, माझ्या बाया भोंग्याला वर यायच्या न्हाईत. खाली जातील."

"खाली कशाला जातील?"

"जेवाय."

समदे हसले. मी बी आधी हसून घेतलं, मग समजावून सांगितलं. म्हणलं, आमच्याकडं साखर कारखान्याचा भोंगा बाराला होतो. माझ्या सासूच्या काळापासनं शेतातली बाई भोंगा झाला की खुरपं टाकती आन् भाकर सोडती. भोंगा म्हंजी भाकर. त्यात तुम्ही गेटवर मोबाइल काढून घेता. सुरुंगाजवळ मोबाइल नको, बरोबरच हाय ते, माझं काय म्हणणं न्हाई. पण मग बाईला टाइम कळायचा कशानं? भोंग्यानंच. त्यो कारखान्याचा का तुमचा, पावणेबाराचा का बाराचा, हे उन्हात सळया बांधणाऱ्या बाईनं कवा बघायचं? आन् जेवायचं कुठं? वर उघडा माळ. दोन बाभळी व्हत्या, त्या तुमच्याच जेसीबीनं उपटल्या. दुपारची सावली एकाच ठिकाणी पडती, चराच्या दक्षिणेच्या दरडीखाली. आता पान उलटून बघा, पहिला बार कुठं लावताय?

साहेबांनी पान उलटलं. दक्षिणेची दरड.

मला वाटलं, झालं, आता कळलं ह्यांना. मी म्हणलं, "वर चार पत्र्यांचं शेड मारा जेवायला. बाया आपसूक वर येतील. भोंगा वाजवा न्हाईतर डफडं वाजवा."

बर्वे साहेब म्हणले, "धुरपदाबाई, कामगारांचं शेड फेज टूमध्ये आहे."

"आन् बार?"

"फेज वन."

"म्हंजी आधी मरायचं आन् मग सावलीत बसायचं व्हय?"

परत समदे हसले. कुणीतरी म्हणलं, बाई लई फटकळ हाय. आन् पान उलटलं! पुढं हेल्मेटच्या रंगावर अर्धा तास चर्चा केली. माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडून इरघळलं, मी बघत बसले. बायांना शिकवायला म्हणून नंतर एक हिंदी पिक्चर दाखवला. त्यात पिवळं जाकीट घातलेला एक गुळगुळीत माणूस भोंगा ऐकून पळत सुटतो. पडद्यावर पळायला काय लागतंय!

बार गुरुवारी ठरला. त्याआधी मंगळवारी नुसता खोटा भोंगा द्यायचा, बाया वर येत्यात का बघायचं, त्याला मॉक ड्रिल म्हणत्यात. मला ठाऊक व्हतं. मी सकाळी एकेकीला धरून सांगितलं, "बयांनो, भोंगा झाला की वर." व्हय व्हय म्हणल्या.

आता जे सांगते ते सांगाय लाज वाटती, पण खोटं बोलून काय करू. मी सळया मोजत व्हते. भोंगा झाला. पोटात भुकेचा गोळा उठला, मी सुतळी टाकली, पदरानं तोंड पुसलं आन् चालाय लागले. माझं मला भान आलं तवा मांडीवर भाकर, हातात कांदा आन् पाठीला दरड. शेजारी माझी सून करिश्मा, दिवाळीपासनं कामाला लागलेली, डब्यातनं ठेचा काढत व्हती. आम्ही साऱ्या तिथंच. बावीसच्या बावीस.

बर्वे साहेब वरनं हातवारे करत पळत खाली आले. "वर! वर चला सगळ्या! अहो, मेल्या असतात!"

सुरुंगवाले बिरदेव आप्पा वर कठड्याला उभे व्हते. केंदूरचा माणूस, उभा जन्म विहिरी फोडण्यात गेला. बार उडवायच्या मशीनची चावी त्यांच्याच कमरेला. ते वरनं म्हणले, "साहेब, खरा बार असता तर तुम्ही बी गेला असता."

मला वाटलं, आता तरी शेड होईल. कशाचं काय! सांजच्याला बोर्डावर कागद लागला. त्यात लिव्हलेलं, कामगारांमध्ये शिस्तीचा अभाव आहे, कामगार प्रतिनिधी स्वतः धोक्याच्या जागी आढळल्या, पुढच्या वेळी अशा कामगारांना गेटबाहेर काढण्यात येईल.

माझ्या अंगाची नुसती आग आग झाली. तशीच हॉलात घुसले. म्हणलं, "साहेब, ज्या बाईनं तुम्हाला सांगितलं, जिला समदं ठाऊक व्हतं, तिचं पाऊल खाली गेलं. तिला शिस्त न्हाई म्हणता? माझं पाऊल खाली गेलं म्हंजी तुमचा कागद चुकलाय! आवो, शाणं व्हायला अजून काय पाह्यजे?"

बर्वे साहेब म्हणले, "बाई, आवाज खाली. प्लॅन दिल्लीहून मंजूर झालाय. एका शेडसाठी मी तो परत पाठवू?"

दिल्लीत बसलेल्याला निमोण्याची सावली कुठं पडती ते काय ठाऊक! ऊन आमच्या डोस्क्यावर आन् मंजुरी त्यांच्या खिशात. मी रात्री घरी भाकऱ्या थापत व्हते ते परातीवर हात आपटत. करिश्मा म्हणली, "आत्या, परात फुटंल." मी म्हणलं, "फुटू दे."

गुरुवारी मी ठरवूनच आले. सकाळी आप्पांनी दरडीवरच्या भोकांत दारू भरली. त्यांनाच टाइम इचारून साडेअकराला मी टोळीला हाळी दिली, "चला गं, डबे उचला." आन् सरळ त्यांच्या गार हॉलात नेलं. आत दिल्लीचे पाव्हणे, संशोधन केंद्राच्या मोठ्या मॅडम, आन् पडद्यावर बर्वे साहेबांचा सेफ्टी प्लॅन. बाया दारात बिचकल्या. मी म्हणलं, "बसा." गालिच्यावर मांड्या घालून बसल्या, डबे उघडले. ठेच्याचा वास सुटला तसा एक पाव्हणा शिंकला.

बर्वे साहेबांचं तोंड लाल. "हे काय? बाहेर व्हा!"

"बाहेर कुठं? कागदावर बोट ठेवून दावा. अडीचशे पानांत आमच्या जेवायची जागा एक दावा, उठलो बघा."

तेवढ्यात साइटचा भोंगा झाला, तीनदा. मॅडमनी भिंतीवरच्या नकाशाकडं बघितलं. मराठीच बाई. म्हणल्या, "रोज कुठं जेवता तुम्ही?" मी उठून नकाशावर बोट ठेवलं. तिथंच लाल खूण केलेली, सुरुंगाची. मॅडमनी प्लॅन ओढून घेतला आन् एकेक पान उलटत बसल्या.

टेबलावरचा वायरलेस खरखरला. आप्पांचा आवाज आला, "साहेब, दोन मिन्टं राह्यली. खाली कुणी न्हाई ना? ओके द्या."

बर्वे साहेबांना आधीच घाम फुटलेला, त्यात पाव्हण्यांसमोर शोभा झालेली. उचलला वायरलेस. "परिसर रिकामा. ओके."

आन् मी तवा बाया मोजत व्हते. मुकादमाची सवयच ती, बाया बसल्या की मोजायच्या, भांडणाच्या नादात तेवढं राह्यलेलं. मला धरून एकवीस. परत मोजल्या. एकवीस.

करिश्मा न्हाई!

पाण्याचा पाइप लावाय ती पलीकडच्या टोकाला गेली व्हती. साडेअकराची हाळी तिच्या कानावर गेलीच न्हाई. भोंगा तेवढा गेला असणार. आन् भोंगा ऐकून ती कुठं जाणार, ते मला कुणी सांगाय नको व्हतं.

मी बर्वे साहेबांच्या हातातनं वायरलेस हिसकला. ते दाबायचं बटण कुठलं ते बी मला ठाऊक न्हवतं, समदी दाबली. "आप्पा! चावी फिरवू नका! करिश्मा खाली हाय! आप्पा!"

नुसती खरखर. एवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. बारा. मी परत समदी बटणं दाबली.

"न्हाई फिरवली, धुरपदा." आप्पांचा आवाज आला. "माझं उतरून बघणंच चाललंय. माणूस बघितल्याबिगर मी विहिरीवर बी कवा बार दिला न्हाई. दिसली तुझी सून. जेवती हाय."

पाच मिन्टांनी करिश्मा दारात आली, हातात उघडा डबा, गालात घास. "आत्या, कुठं गेल्या व्हता समद्या? मी एकटीच वाट बघत बसले." मला तिला मारावं का मिठी मारावी कळंना. दोन्ही केलं.

तवा माझं लक्ष टेबलावरच्या कागदाकडं गेलं. सातवी शिकलेय मी, वाचता येतं. गुरुवारची तारीख. खाली लिव्हलेलं, ११ वाजून ५८ मिनिटे, चर प्रत्यक्ष उतरून तपासला, एकही व्यक्ती नाही. सही, शिक्का. पण साहेब तर हॉलातनं हललेच न्हवते! मी कागद मॅडमपुढं धरला.

मॅडमनी इचारलं, "बर्वे, हे कधी लिहिलंत?"

"मॅडम, फॉरमॅट असतो. सकाळीच भरून ठेवावा लागतो."

सकाळीच! माझी सून भाकर बांधून घेत व्हती, तवाच ह्यानं ती तिथं न्हाई म्हणून लिव्हून ठेवलेलं. इतके दिवस मी साहेब साहेब म्हणत आले, पण त्या टायमाला मला त्या माणसाची किळस आली. मी म्हणलं, "तुझी लेक असती खाली, तर लिव्हलं असतंस का रं सकाळीच?"

भरलेला बार तसाच ठेवता येत न्हाई. आप्पांनी परत खालवर हिंडून बघितलं आन् वायरलेसवर इचारलं, "ओके कोण देतंय?"

मी बाया मोजल्या. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून, नाव घेऊन. बावीस. म्हणलं, "आप्पा, मी देते. ओके."

बार झाला. हॉलाच्या काचा थरारल्या, पाव्हण्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. खिडकीतनं बघितलं तर दक्षिणेची दरड जागेवर न्हवती. आमच्या जेवायच्या जागेवर पुरुषभर उंच दगड पडलेले, एकेक बैलगाडीएवढा.

करिश्मा बघत राह्यली. घास तोंडात तसाच.

बर्वे साहेबांनी वायरलेस मागायला हात पुढं केला. मी दिला न्हाई. म्हणलं, "वर शेड हुभं राहील तवा या मागाय." मॅडम मध्ये पडल्या न्हाईत.

मग मी करिश्माला शेजारी बसवलं आन् म्हणलं, "चाव गं बाई, गीळ त्यो घास." तिची भाकर संपेस्तवर वायरलेस पदरात धरून मी तिथंच बसले.