पूर्णिमाच्या तळहातावरचं रक्त

नागोरावांच्या वारज्याच्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सोफा गॅलरीत काढला होता. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला होता. मधोमध पाटावर शंभूबाबा बसले होते आणि त्यांच्यासमोर डावा हात पसरून पूर्णिमा.

प्रत्येकाच्या तळहाताला हळदीचा लेप लावलेला. बाबा पळीपळीनं त्यावर पाणी सोडत होते. नागोरावांचा हात पिवळाच राहिला, त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंचाही पिवळा, वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाईंचाही पिवळा. मग पूर्णिमाच्या हातावर पाणी पडलं आणि पाहता पाहता हळद लालभडक झाली. बोटांच्या फटीतून ते लाल पाणी फरशीवर ठिबकलं.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं.

"हाडं!" बाबा गरजले. "परक्या मेलेल्यांची हाडं हाताळते ही मुलगी! त्यांतला एक हिच्या मागं मागं या घरात आलाय. तोच तुमच्या निकिताला आपटतोय!"

सुशीलाबाई रडायलाच लागल्या. बाबांना हाडांची गोष्ट कशी कळली, हे त्या गर्दीत कुणाला सुचलं नाही. आदल्या गुरुवारी ती सुशीलाबाईंनीच त्यांना सांगितली होती.

पूर्णिमा नागोरावांची भाची. यवतमाळहून पुण्याला विद्यापीठात मानवशास्त्रात एम.ए. करायला आलेली, मामाकडे राहणारी. माणूस कसा घडला, कसा राहतो, काय मानतो, हे ती शिकत होती. त्यात प्रयोगशाळेत कवट्यांची, हाडांची मापं घेणंही आलं. ती कौतुकानं घरी सांगायची. मामेबहीण निकिता दहावीत होती आणि अलीकडे तिला झटके येत होते. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या होत्या. बाबांनी पहिल्याच भेटीत त्या बंद करायला लावल्या.

"बाधा उतरेपर्यंत हिला खोलीबाहेर सोडू नका," बाबांनी फर्मावलं. "हात धुवू देऊ नका. गुरुवारी येतो. त्या दिवशी हिनं शिक्षण सोडल्याची शपथ घ्यायची."

नागोरावांनी भाचीचा मोबाईल काढून घेतला आणि दाराला बाहेरून कडी लावली.

खिडकीला लोखंडी जाळी होती. खाली पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती. पूर्णिमानं हाक मारली असती तर सगळी सोसायटी गोळा झाली असती. पण गोळा होऊन काय? हीच माणसं तिच्या हाताकडे बघून मागं सरकली होती. आणि ज्या मामानं तिच्या वडिलांशी भांडून तिला पुण्याला आणलं, त्याच्यावर पोलिस बोलवायचे? तिला कडीपेक्षा हाच विचार जास्त जखडून ठेवत होता.

"मामा, प्रॅक्टिकल बुडतंय माझं," ती दाराआडून म्हणाली.

"पोरीचा जीव मोठा का तुझं प्रॅक्टिकल?" बाहेरून उत्तर आलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे धाडकन आवाज झाला. निकिता पडली होती. सुशीलाबाईंचा आक्रोश, पावलांची धावपळ, भांड्यांचा खडखडाट. पूर्णिमा दोन्ही मुठींनी दार बडवत ओरडत राहिली, "कुशीवर वळवा तिला! तोंडात काही घालू नका! गोळ्या द्या!" कुणी ऐकलं नाही. उलट बाहेर कुणीतरी म्हणालं, "बघा, हिच्याच अंगातला बोलतोय."

बुधवारी दुपारी सुशीलाबाईंनी दार किलकिलं करून ताट आत सरकवलं. वरणभात, लिंबाची फोड. पूर्णिमानं फोड पिळली. चार थेंब डाव्या तळहातावर ओघळले. जिथं रस लागला, तिथं तांबूस डाग पिवळा झाला.

ती ताट विसरून हाताकडे बघत बसली. लिंबानं उतरणारं भूत तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

मग तिनं रविवार डोळ्यांसमोर आणला. ऐकलेलं बाजूला ठेवायचं, दिसलेलं आठवायचं, हे तिला शिकवलं होतं. सगळ्यांच्या हातावर पाणी पडलं ते मोठ्या तांब्यातून. तिच्या हातावर बाबांनी झोळीतल्या छोट्या गडूतलं 'गंगाजल' सोडलं होतं.

"मामी, जाऊ नकोस," तिनं दाराला तोंड लावून हाक मारली. "थोडी हळद आण. आणि मामांची चुन्याची डबी."

"काहून वं? आता हे काय नवीन?"

"तुझ्या लेकीसाठी मागते आहे, मामी."

सुशीलाबाई हळद आणि डबी घेऊन आत आल्या. पूर्णिमानं त्यांच्याच हाताला ओली हळद लावली आणि वर बोटभर चुना फिरवला. हात लाल झाला. सुशीलाबाई दचकून मागं सरकल्या.

"माझ्यातबी आला का तो?"

"आता हे लिंबू चोळ."

हात पिवळा झाला. सुशीलाबाई तळहात उजेडात धरून उलटसुलट बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "हळदीच्या डागाला साबण लावला की तो असाच लाल होते. रोज पाहतो मी."

गुरुवारी हॉल पुन्हा भरला. पूर्णिमाला पाटावर बसवलं. बाबांनी हळद लावली, गडू उचलला. "पाहा, तो अजून गेलेला नाही!" धार पडणार तोच सुशीलाबाईंनी आपला हळद लावलेला हात मध्ये घातला. हात लाल झाला.

बाबांनी गडू मागं ओढला. "बाधा पसरली! आता ही मामीच्या अंगात शिरली!"

"मग बाबा, आपल्याही हातावर घ्या ना थोडं," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आपल्याला कशाची भीती? आपला तर वरच्यांशी रोजचा संबंध."

"परीक्षा पाहता? संशयी माणसाला देव पावत नाही!"

इतका वेळ भिंतीशी उभे असलेले नागोराव पुढं आले. बायकोला भूत ठरवलेलं त्यांना झेपलं नव्हतं. त्यांनी वाटीतली हळद स्वतःच्या हाताला फासली, बाबांच्या हातातून गडू ओढून घेतला आणि पाणी ओतलं. हात लाल. पूर्णिमानं ओढणीत लपवलेलं लिंबू त्यावर पिळलं. हात पिवळा.

"मामा, ही चुन्याची निवळी आहे," ती म्हणाली. "चुना पाण्यात कालवून ठेवायचा, वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. हळदीला चुना किंवा साबण लागला की ती लाल होते आणि लिंबाच्या आंबटानं परत पिवळी. रक्त नाही, भूत नाही, हाडांचा संबंध नाही. ज्याला दोषी ठरवायचं, त्याच्या हातावर गडूतलं पाणी. बाकीच्यांना साधं."

कुणी टाळी वाजवली नाही. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. बाबांनी झोळी आवरली आणि ते "घोर अनर्थ होईल" असं म्हणत जिना उतरू लागले. "सावकाश उतरा," मंदाकिनीबाईंनी वरून सांगितलं, "चपला आमच्याही आहेत तिथं."

नागोरावांनी मोबाईल भाचीच्या मांडीवर ठेवला आणि ते रिक्षा बोलवायला खाली गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी निकिताला तपासलं. मेंदूत विजेसारखे संदेश अचानक गडबडतात तेव्हा असा झटका येतो, त्याला अपस्मार म्हणतात, आणि औषध एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. सुशीलाबाई पदरानं डोळे पुसत ऐकत होत्या. नागोराव मान खाली घालून.

पूर्णिमाचं प्रॅक्टिकल बुडालं ते बुडालंच. ते पुढच्या सत्रात द्यावं लागेल. मामाच्या घरी ती अजून राहते, पण दार लावताना अजूनही एकदा थांबते.

बाबा दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये असतील. तिथंही एखादी मुलगी, एखादी सून, एखादी विधवा पाटावर बसलेली असेल आणि सगळे तिच्या हाताकडे बघत असतील. तुम्ही त्या गर्दीत असाल तर तिच्या हाताकडे बघू नका, बाबाच्या हाताकडे बघा. तेच पाणी सगळ्यांच्या हातावर घालायला सांगा, आधी बाबाच्या. प्रश्न विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो माणूस. आणि घरात कुणाला झटका आला, तर आधी डॉक्टरकडे न्या.