मोज्यातून दाबता येणारी बटणं

आसावरीने अर्विडकाकांचा जाड हातमोजा उजव्या हातात चढवला, बोटं मुद्दाम आखडून घेतली आणि ओट्यावरच्या काळ्या डबीचं बटण अंगठ्याच्या बुडाने दाबून पाहिलं. दाबलं गेलं. मग तिने मान खिडकीकडे वळवली आणि न बघता दाबून पाहिलं. तेही जमलं. डबीवर तीन बटणं होती, एकेक चांगलं रुपयाएवढं. एक इंजिनात जाणारं पेट्रोल वाढवायचं, एक कमी करायचं आणि तिसरं, गाडी हळू चाललीय की भरधाव, ते डबीला सांगायचं.

शेजारीच दुसरी डबी होती. दिसायला देखणी, पण तिला बटण म्हणून नव्हतं. तिचा सगळा कारभार फोनवरून चालायचा. पडद्यावर रंगीत आलेख उमटायचा, त्यातल्या हव्या त्या चौकोनात बोट ठेवायचं आणि पेट्रोलचं माप बदलायचं. आसावरीने काल संध्याकाळी ती जरा उघडून बघते म्हणून घेतली, आणि पोळ्या राहिल्या त्या राहिल्याच. घरात सगळ्यांनी ब्रेड खाल्ला.

"मग अडलंय कुठे?" चहाचे कप टेकवायला ओट्यावर जागा शोधत ऋषीने विचारलं. "तुला ही फोनवाली आवडलीय ना? मग हीच ठेव, दुसरी रिटर्न कर. आठवडाभर आपण ओट्यावर स्नोमोबिल शिजवतोय यार."

"मला आवडून काय उपयोग? चालवणार काका आहेत."

ऋषीने मोज्यातल्या तिच्या आखडलेल्या हाताकडे पाहिलं आणि फोनवाली डबी बाजूला सरकवून कप टेकवले.

अर्विडकाका म्हणजे डावीकडचं घर. त्यांच्यासमोर ती त्यांना नुसतं अर्विडच म्हणायची, इंग्रजीत अहो-जाहोचा प्रश्न येत नाही ते एक बरं; पण घरात बोलताना ते काका होते आणि आन्याचे तर आजोबाच. गेल्या वसंतात त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. तसे निभावले, पण उजवा हात पूर्वीसारखा राहिला नाही. कॉफीचा मग धरताना त्यांची बोटं अर्ध्यावर थांबत, आणि ते थांबलेलं कुणी पाहिलं तर काका हवापाण्याचा विषय काढत. स्नोमोबिलचा, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या त्या स्कूटरसारख्या गाडीचा, ॲक्सिलरेटर नेमका उजव्या अंगठ्यापाशी असतो. काकांनी या हिवाळ्यात निदान एकदा तरी उत्तरेकडच्या त्यांच्या तळ्यावर ती गाडी स्वतः फिरवावी, एवढं एकच आसावरीच्या मनाने घेतलं होतं. बाकी कुठल्या गोष्टीने त्यांची परतफेड होण्यासारखी नव्हती.

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीतला तिचा पहिला हिवाळा. ऋषी व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी पुण्याला गेला आणि तिकडेच अडकून पडला. इथे ती आणि दोन वर्षांची आन्या. पहिलं मोठं बर्फ पडलं त्या सकाळी ती फावडं घेऊन, कंबर कसून दार उघडते, तर घरापुढचा ड्राइव्हवे झाडून लख्ख. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी ती पहाटेपासून खिडकीत दबा धरून बसली, तेव्हा कुठे एक लाल टोपी बर्फ उडवत जाताना दिसली. आभार मानायला गेली तर लाल टोपीने हात असा उडवला, जसं काही हीच काहीतरी वेडगळ बोलली असावी. आत या म्हटलं तर नको, चहा घ्या म्हटलं तर नको. नको-नको म्हणण्यात आपल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही अशी तिची समजूत होती. मिनेसोटाने ती पार धुऊन काढली.

शेवटी तिने स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू भरून काकांच्या बायकोच्या, मार्लीसच्या, हातात दिले. डबा रिकामा परत करायचा नसतो हेही बोलता बोलता सांगितलं. मार्लीसला हे फारच पसंत पडलं. तेव्हापासून तो डबा दोन घरांत येरझाऱ्या घालत होता आणि एकदाही रिकामा फिरला नव्हता. मार्लीस गेल्यावर काकांनी नेम मोडला नाही, फक्त त्यांना भाजता-बिजता काही येत नसे. मग डब्यातून कधी बागेतले टोमॅटो येत, कधी बॅटरीचे सेल, एकदा तर लोकरीचे पायमोजे आले, घडी घालून.

त्याच पहिल्या हिवाळ्यात, एका रविवारी, दोघांनी तिला आणि आन्याला गाडीत घालून तळ्यावरच्या त्यांच्या लाकडी घरी नेलं. आन्याला मार्लीसने शेकोटीपाशी मांडीवर घेतलं आणि काकांनी आसावरीला स्नोमोबिलवर मागे बसवलं. आदल्या रात्री तिने परतीची तिकिटं बघून ठेवली होती. गोठलेल्या तळ्यावर गाडी सुटली, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढलं, आणि काकांचं जाकीट दोन्ही मुठींत धरून ती मोठमोठ्याने हसत सुटली. कित्येक आठवड्यांत ती अशी हसली नव्हती. तिकिटं काही काढली गेली नाहीत. आज जे काही आहे, घर, नोकरी, शाळेत रमलेली आन्या, ते सगळं त्या मागच्या सीटवर ठरलं असं ती मानत असे, आणि त्याबद्दल तिला अतोनात कृतज्ञ वाटत असे.

मार्लीस गेल्यावर काकांनी मन रमवायला ती गाडी खोलली. एक्झॉस्टचा पाइप बदलला, हवा आत यायची वाट मोठी केली. गाडी वाघासारखी गुरगुरायला लागली, पण गेल्या हिवाळ्यात तळ्याच्या मध्यावर बंद पडली आणि उघडून बघतात तर पिस्टन जळलेला. तेव्हा आसावरीनेच कारण सांगितलं होतं: तुम्ही तांदूळ वाढवलेत आणि पाणी तेवढंच ठेवलंत, भात तळाला लागणार नाही तर काय? हवा वाढली, पण आतल्या कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही; तो बिचारा जुन्या मापाने पेट्रोल देत राहिला. काका इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. आता नवा पिस्टन बसवून झाला होता, आणि पेट्रोलचं माप सुधारणारी डबी, म्हणजे फ्युएल कंट्रोलर, तेवढी निवडायची राहिली होती. काकांचं आयुष्य कार्बोरेटरवर गेलेलं. आसावरी दवाखान्यातल्या औषधाच्या पंपांचं सॉफ्टवेअर लिहायची. योग्य वेळी योग्य थेंब, हेच तिचं रोजचं काम. तेव्हा ही निवड तिच्याकडे आली.

कुठला घेऊ असं तिने विचारलं, तेव्हा काका म्हणाले होते, तुला वापरायला बरा वाटेल तो घे.

आता हे वाक्य आसावरीसारख्या बाईने सरळ घ्यावं तरी कसं? तिच्या माहेरी पाहुणा 'काहीही चालेल' म्हणाला की खरं काम तिथून सुरू व्हायचं. त्याचे दात कसे आहेत, मागच्या खेपेला काय दोनदा वाढून घेतलं, हे आठवून आई स्वयंपाक ठरवायची. पाहुण्याला पुन्हा विचारणं म्हणजे आपल्याला त्याची पारख नाही असं कबूल करणं. म्हणून आसावरीने काकांना पुन्हा विचारलं नाही. तिने त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी गाडीचं हँडल चांगलं चार बोटं खाली घेतलेलं तिला दिसलं. खांदा वर जात नसणार, ती मनात म्हणाली. ॲक्सिलरेटरची स्प्रिंग बदलून मऊ टाकली होती. अंगठ्याला जड होत असणार. माप घ्यायचंय असं सांगून ती त्यांचा हातमोजा मागून घेऊन आली. आणि ओट्यावरची फोनवाली देखणी डबी तिने, एकदा हात फिरवून, खोक्यात भरून परत पाठवली.

तीन बटणांची डबी तिने स्वतः काकांच्या गराजमध्ये हँडलवर बसवली. काका बाजूला उभे राहून बॅटरीचा उजेड धरत होते. काम झाल्यावर ते बराच वेळ त्या बटणांकडे पाहत राहिले.

"बटणं मोठी आहेत," ते म्हणाले.

"मोजे घालूनसुद्धा दाबता येतात. न बघता पण."

काकांनी उजवा हात खिशात घातला. थंडी या वर्षी उशिरा पडली, नाही का, असं काहीतरी म्हणाले. आसावरी खुशीत घरी आली.

संक्रांतीला तिने तिळाच्या वड्या केल्या आणि आन्याच्या हाती डबा पाठवला. तो शनिवारी सकाळी परत आला. आन्याने बूट न काढताच तो टेबलावर ठेवला.

"आई, आजोबा सेड इट्स फॉर यू. अँड नो गिव्हिंग बॅक."

डबा हलका होता. आत काहीतरी खुळखुळलं. आसावरीने झाकण काढलं, तर लाल दोरी बांधलेली स्नोमोबिलची किल्ली.

"आजोबा कांट राइड एनीमोर," आन्या म्हणाली. "डॉक्टर टोल्ड हिम इन द समर. आय थॉट तुला माहितीय."

आसावरी किल्ली हातात घेऊन उभी राहिली. हँडल चार बोटं खाली. मऊ स्प्रिंग. काकांच्या खांद्याला काहीही झालेलं नव्हतं. सहा फूट उंच माणसाने हँडल उतरवलं होतं ते पाच फूट दोन इंचांच्या बाईसाठी. उन्हाळ्यापासून ते गाडी तिच्या मापाची करत होते आणि ती त्यांच्या मापाची.

ती जाकीट न घालताच शेजारी गेली. वाटेत तिने तोंडात 'नको' तयार ठेवलं होतं. एवढी मोठी वस्तू, तुमच्या मुलीला द्या, आम्हाला नको, सगळं रचून झालं होतं. काका गराजमध्येच होते.

"मग बोलला का नाहीत?" तिच्या तोंडून भलतंच निघालं. "मी ओट्यावर दोन-दोन डब्या मांडून बसले होते."

"हँडल बघून तुला कळेल असं वाटलं होतं," काका म्हणाले. "पण तू माझा मोजा मागितलास. कशासाठी, ते माझ्या लक्षात आलं. मग सांगवेना."

काकांनी हँडलवरच्या डबीकडे बोट दाखवलं.

"तुला ती फोनवाली आवडली होती. ऋषी बोलला."

"हो."

"ती मागव पुन्हा. ही काढून टाकू."

आसावरीने तोंडावर आलेलं 'नको' मागे घेतलं. किल्ली मुठीत घट्ट धरली आणि काकांकडे पाहून, गेल्या आठ वर्षांत जे हात उडवून परतवलं गेलं होतं ते तिने पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं: थँक यू. या खेपेला काकांनी हात उडवला नाही. ते चष्मा पुसायला लागले.

"डबी बदलायची नाही," ती म्हणाली. "तिची जागा बदलू या. मागे बसायला डॉक्टरांची हरकत आहे?"

काकांनी विचार केल्यासारखं केलं. "मागे बसायचं मी विचारलंच नाही."

"मग फोन करून विचारा."

त्यांनी खरोखर फोन केला. हळू चालवायची असेल तर हरकत नव्हती. दुपारी तिने डबी हँडलवरून काढली, वायर लांबवली आणि ती मागच्या सीटच्या उजव्या कडीशी, हात टेकेल तिथे बसवली. डावा हात धरायला मोकळा राहावा म्हणून उजवीकडे. काकांनी काळी टेप दातांनी तोडून दिली.

तळ्यावर त्या आठवड्यात बर्फ चांगलं धरलं होतं. ऋषी आणि आन्या काठावर उभे राहिले. आसावरी पुढे बसली, काका मागे. त्यांनी तिचं जाकीट डाव्या मुठीत धरलं. ती बेताने निघाली, मग सपाट बर्फ लागल्यावर तिने अंगठा जरा दाबला, आणि इंजिनाला ठसका लागला. वेग द्यावा तर गाडी अडखळत होती. मागे वळून काही सांगावं असं तिच्या मनात आलं, तोवर गाडीचा सूर बदलला. अडखळणं थांबलं. काका न सांगता पेट्रोल वाढवत होते, थोडं, आणखी थोडं, आणि मग त्यांनी थांबवलं, नेमकं जिथे थांबवायला हवं होतं तिथे. तिने आयुष्यभर पंपांना जे शिकवलं ते मागच्या सीटवरचा तो आखडलेला हात मोज्यातून, न बघता करत होता. गार वाऱ्याने तिच्या डोळ्यांतून पाणी काढलं. सगळंच वाऱ्याचं नव्हतं.

पलीकडच्या काठाशी तिने गाडी थांबवली. काकांनी हेल्मेटची काच वर केली. त्यांचे गाल लाल झाले होते.

"भात?" त्यांनी विचारलं.

"नाही लागला," आसावरी म्हणाली, आणि परत फिरायला तिने हँडल वळवलं.