कलेक्टरच्या लेकी

एस.टी.तून उतरल्यावर पंचशीलाला पहिली कोंबडी दिसली ती थांब्यावरच्या टपरीमागं. तिच्या डाव्या पायाला निळी चिंधी होती. पंचशीलाचा जीव भांड्यात पडला. वस्तीच्या तोंडाशी दुसरी दिसली, तिलाही चिंधी. आडाजवळ तीन. समाजमंदिराच्या पायरीवर एक मान ताठ करून बसलेली, तिलाही. घरी पोचेपर्यंत तिनं एकोणीस कोंबड्या मोजल्या, आणि एकोणीसच्या एकोणीस निळ्या चिंधीच्या.

मायनं सांगितलं होतं, तीन.

दारात ग्यानोबा, तिचे बा, बाजेची सैल झालेली सुतळी ओढत बसले होते. पंचशीलानं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "बा, ह्या समद्यांना चिंध्या कुणी बांधल्या?"

"ज्यानं त्यानं," बा म्हणाले. "तुझ्या मायनं तिघींना बांधल्या. का, तर ओळखू याव्या म्हणून. बायांनी बघितलं. बकरीच्या पिलाला नजर लागू नये म्हणून काळा दोरा बांधतेत का न्हाई? तसं निळ्या अंड्याला निळी चिंधी लागत असंल, असं त्यांनी धरलं. जयंतीच्या निळ्या पताका उरल्या होत्या. हाय काय अन् न्हाई काय."

पंचशीलाला हसू आलं. माय गेल्यापासून सहा आठवड्यांत पहिल्यांदाच. हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला, कारण बा बघत होते.

निळ्या अंड्यांचं खूळ तीन वर्षांपूर्वीचं. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. माय, सरजाबाई, लेकीकडं नांदेडला गेली होती. पंचशीला तिथं एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला, भाड्याच्या एका खोलीत. शेजारी शांतम्मा राहायची, रेल्वेतल्या गँगमनची बायको, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारी. तिच्या अंगणातल्या, सिकंदराबादहून आणलेल्या कोंबड्या आभाळाच्या रंगाची अंडी द्यायच्या. सरजाबाईनं तसलं अंडं हातात घेतलं, नखानं खरवडून बघितलं, उन्हात धरलं, आणि दोन दिवस दुसरं काही बोलली नाही. परत निघताना शांतम्मानं सहा अंडी तिच्या ओटीत घातली. कोंड्यात पुरून, मांडीवर टोपली धरून, लोहा-अहमदपूर करत ती अंडी गावात आली. खुडूक कोंबडीखाली ठेवली. सहांतून पिल्लं निघाली दोन. एक पिल्लू घारीनं नेलं. राहिला तो कोंबडा.

वस्ती हसून हसून बेजार झाली. "सरजाबाई, आता कोंबड्याला अंड्यावर बसवा!"

पण सरजाबाईनं त्याला जपलं. छाती काढून, कुणाकडं न बघता चालायचा, म्हणून बांनी त्याचं नाव कलेक्टर ठेवलं. कोंबड्याच्या रक्तात काय आहे ते त्याच्या लेकीच सांगणार, असं सरजाबाई म्हणायची. तिनं त्याला गावरान कोंबड्यांत सोडलं. पहिल्या वर्षाची पिल्लं मानमोडीच्या रोगानं गेली. दुसऱ्या वर्षाची मुंगसानं खाल्ली. तिसऱ्या वर्षी तीन तलंगा, अजून अंडं न दिलेल्या तरण्या कोंबड्या, तगल्या. अंड्यावर यायच्या आतच सरजाबाईला नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बा तिच्यापाशी होते. खुराडं लावायला मागं कुणी नव्हतं. तलंगा जिथं दार उघडं दिसलं तिथं शिरल्या आणि शेजाऱ्यांच्या झाल्या.

नऊ दिवस माय खाटेवर होती. आठव्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "निळ्या चिंधीच्या तीन. लक्ष ठेव." पंचशीलाला वाटलं होतं, माय दुसरं काही बोलेल.

"किती दिवस हाईस?" बांनी विचारलं.

"सोमवारच्या गाडीनं जाते. त्या तिघींना घेऊन. घरमालकानं तीनच ठेवू दिल्यात."

"मग लवकर हुडक. सोमवारी सकाळीच अहमदपूरचा कोंबडीवाला रामकिशन येतोय. समद्या वस्तीच्या कोंबड्या त्याला द्यायचं ठरलंय, कलेक्टर धरून. दुसरं साल हाय पाऊस न्हाई. माणसं खडी फोडायच्या कामावर. आडाला खरवडून घागरभर पाणी येतंय. कोंबड्यांना कुठलं पाजावं?"

तो शनिवार होता.

रविवारी कामाला सुट्टी. तांबडं फुटताच पंचशीलानं विठाबाईला बोलावलं. कोंबडीच्या शेपटीखाली दोन बोटं लावून आज अंडं देणार का उद्या, हे सांगण्यात विठाबाईचा हात अख्ख्या वस्तीत कुणी धरत नव्हतं. बाया आपापल्या कोंबड्या बगलेत मारून अंगणात जमल्या. प्रत्येकीची खात्री, आपलीच खरी.

"माझी बघ आधी, पंचशीलाबाई," गुणाबाई पुढं सरसावली. "ही सरजाक्काचीच. चालणं बघ की. हुबेहूब बापावर गेलीय."

"चालणं बापावर, अन् खाणं तुझ्यावर," विठाबाई म्हणाली. "दे इकडं."

"गुणामावशी," पंचशीला म्हणाली, "तुम्ही तर गंडेदोरे मानत न्हाई. भाषण केलं होतं समाजमंदिरात."

"न्हाईच मानत! पण चिंधीला काय खायला लागतंय?"

अंगणभर हशा पिकला. तेवढ्यात कलेक्टर कुडावर चढून आरवला आणि पंचशीलानं त्याच्याकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं बघितलंच नव्हतं. गावच्या कोंबड्यांचे तुरे करवतीच्या दातांसारखे उभे. ह्याचा तुरा बसका, हरभऱ्याचे बारीक दाणे तीन ओळींत दाबून बसवावेत तसा. शांतम्माच्या कोंबड्यांचे तुरे? तिनं डोळे मिटले. हो, बसकेच.

"चिंध्या सोडा," ती म्हणाली. "तुरे बघा."

बाया एकमेकींच्या कोंबड्यांची डोकी न्याहाळू लागल्या. एकोणिसांत बसक्या तुऱ्याच्या चार निघाल्या.

"चार?" विठाबाई म्हणाली. "सरजानं तर तीन म्हणलं होतं."

चौघींना चार डालग्यांखाली झाकलं. गुणाबाईच्या कोंबडीच्या पोटात अंडं होतं. ती डालग्यापुढं फतकल मारून बसली, कुणाला जवळ येऊ देईना. दुपारी कोंबडी ओरडली. गुणाबाईनं डालगं उचललं. अंडं पांढरं होतं, इतर कोंबड्यांच्या अंड्यांसारखं.

 गुणाबाईनं अंडं पदरात घेतलं आणि हळूच म्हणाली, "माझी न्हाई तर न्हाई. तीन तर उरल्या की."

तीन उरल्या होत्या खऱ्या. पण तुरा एकदा खोटं बोलला होता. तो आणखी तीनदा बोलणार नाही कशावरून? पंचशीलानं बांच्या ताटात भाकरी वाढली. बा म्हणाले, "न्हाई निघालं तरी तुझी माय काही वेडी ठरत न्हाई."

"मला माहीत हाय, बा."

"मी मलाच सांगतोय."

सोमवारी पहाटे विठाबाई तिघींना तपासून गेली. काळ्या ठिपक्यांच्या तलंगेपाशी तिचा हात थांबला. "हिचं आज. पयलंच हाय, येळ लावंल." तिघी डालग्यांखालीच राहिल्या.

रामकिशन आला तो सायकलला दोन मोठ्या पाट्या बांधून. बाया एकेक कोंबडी आणून देत होत्या, पाय बांधले जात होते, आणि अंगणात कालच्या हशातला एक कणही नव्हता. कलेक्टरला बांनी स्वतः धरून आणलं. त्याचे पाय बांधताना त्यांना गाठ नीट येईना.

पंचशीला ठिपकीच्या डालग्याशी उकिडवी बसली होती. गाडीची वेळ होत आली होती. आत खुडखुड झाली. मग ती तलंग अशी ओरडली, की जगात अंडं पहिल्यांदाच कुणी दिलं असावं. पंचशीलानं डालगं उचललं.

अंडं लहान होतं, लिंबाहून थोडं मोठं. रंग आभाळाचा, पण शांतम्माच्या अंड्यांसारखा निव्वळ नाही. त्यात इथल्या मातीचा हिरवट-पिवळा कुठंतरी मिसळलेला. असा रंग तिनं कुठंच बघितला नव्हता. मायनंही नाही.

ती उठली. तिनं तळहातावरचं अंडं पुढं केलं. विठाबाईनं बघितलं आणि शेजारच्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं माय माय माय! सरजे!"

अंडं हातोहात फिरलं. रामकिशननं अंगठा ओला करून ते घासलं.

"रंग दिलाय ह्याला."

"कोंबडीच्या पोटात शिरून दिला का रे, मुडद्या?" गुणाबाई म्हणाली. "ऊन हाय अजून. हात लाव."

रामकिशननं हात लावला. मग पुन्हा लावला. "ह्याच्यातलं एखादं पिल्लू मला मिळंल का?" त्यानं विचारलं, आणि अंगणानं त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

त्यानंतर जे झालं ते कुणी ठरवलं नव्हतं. गुणाबाईनं पाटीत हात घातला आणि आपली कोंबडी ओढून काढली. "हिचं अंडं पांढरं असंल," ती म्हणाली, "पण ह्या कोंबड्याच्या अंड्यावर हीच बसणार. लई घट्ट बसती." मग दुसरीनं आपली काढली, मग तिसरीनं. पाण्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. भांडी घासायचं पाणी गाळून ठेवू, विठाबाई म्हणाली, घरटी एक मातीचं परळ, पाळीपाळीनं. आणि अंडी उबवायची पहिली रवणी कुणाकडं बसवायची यावरून तिथंच कडाक्याचं भांडण जुंपलं. सहा महिन्यांत त्या वस्तीत एवढा आवाज झाला नव्हता.

बांनी कलेक्टरचे पाय सोडले. तो दोन पावलं लंगडला, मग छाती काढून, कुणाकडं न बघता निघाला.

"तुझी गाडी," बा म्हणाले.

थांब्यावरून हॉर्न ऐकू येत होता. तिघींना न्यायला काढलेली टोपली दारातच रिकामी होती. पंचशीलानं डालग्यांकडं बघितलं. दुसरी, तांबडी तलंग आत गोल गोल फिरत होती, पायानं माती उकरत होती, बसत होती, उठत होती.

"विठाकाकू," पंचशीला म्हणाली, "ही बघा बरं."

विठाबाई भांडण तसंच टाकून आली, बोटं लावली, आणि भुवया वर चढवून म्हणाली, "घटकाभरात."

हॉर्न पुन्हा वाजला. पंचशीलानं पदर खोचला आणि डालग्यापुढं, गुणाबाई बसली होती तशी फतकल मारून बसली.

"जाऊ द्या ती गाडी, बा," ती म्हणाली.