वाकडी तासं

“तिफन खाली ठेव, जग्या. बंदूक नोहे ते,” पुंजाजी म्हणाला.

जगदेव मडावीने पेरायची तिफन खाली ठेवली नाही. सुरक्षा दलातली नोकरी संपवून तो नुकताच गावी परतला होता. पुंजाजी त्याचा थोरला चुलतभाऊ. पुंजाजीच्या बायकोचं, प्रयागबाईचं, अकोल्याला पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि नेमका आताच वाफसा आला होता. पेरणी लांबली तर ओल उडणार होती. नाल्याला पाणी, त्यामुळे पलीकडच्या वावरात ट्रॅक्टर जात नव्हता.

“मी पेरतो, दादा. तू वहिनीले घेऊन जाय.”

“कधी पेरलं काय तू?”

“नाही.”

“मंग?”

“माह्या वावरात कोनं पेरलं इतके वर्सं?”

पुंजाजी बैलाच्या मानेवरची गोचीड काढू लागला.

चार चुलतभावांची वावरं लागून होती. जगदेव नोकरीवर गेला तेव्हा तिघांनी त्याचं वावर कसलं. वाटा मागितला नाही. पुढे जानराव वारला, हरीओम पुण्याला वॉचमन झाला. मग एकटा पुंजाजीच पेरत राहिला.

आसामात शिवसागरजवळ ड्युटी असताना चहावाल्या गोगोईने जगदेवला आपल्या पूर्वजांची, आहोमांची, रीत सांगितली होती. चार पुरुषांचा एक गट. त्यातला एक पाळीने राजाच्या कामावर जाई, लढे, बांध घाली. मागे राहिलेले त्याचं शेत सांभाळत. तो परतला की दुसरा निघे. “आणि तुमच्या गोंड राजांचं कसं चालायचं?” गोगोईने विचारलं. जगदेवला सांगता येईना. त्याने तिथूनच पुंजाजीला फोन लावला.

“आजा सांगे, चौऱ्यांशी गावाचा एक गड, त्यात बारा-बारा गावाचे भाग. ज्यानं जंगल तोडलं, वावर त्याचं. बाकी मले मालूम नाही. तुह्या वावरातलं निंदन राह्यलं, फोन ठेवतो.”

जगदेवला ते आठवलं.

“दादा, आता तुह्यी जायची पाळी हाये,” तो म्हणाला. “मले मागं राहू दे.”

प्रयागबाई पिशवी घेऊन ओट्यावर उभी होती. “द्या ना त्याहिले,” ती नवऱ्याला म्हणाली. “वाकडं पेरलं त काय उगवनार नाही?”

पुंजाजीने कासरा जगदेवच्या हातात दिला आणि प्रयागबाईला घेऊन, मागे न पाहता शिरपूरच्या फाट्याकडे चालू लागला.

जगदेवच्या मागून त्याची बायको गोमतीबाई तिफनीच्या चाड्यात बी सोडत चालली. बैल मध्येच थांबत.

“तुमाले साहेब समजून राह्यले ते,” ती म्हणाली. “हुकमाची वाट पाहून राह्यले.”

सोयाबीन उगवलं तेव्हा सगळं उघडं पडलं. तासं, रोपांच्या त्या ओळी, कुठे बाहेर फुगली होती, कुठे आत दबली होती. रस्त्याने जाणारे थांबून पाहत.

पुंजाजी बायकोला घेऊन परतला. पिकातलं तण काढायला डवरा द्यायची वेळ झाली, तसा तो वावरात आला. प्रयागबाई बांधावर बसली. तिने पाहिलं आणि पोट धरलं. “मले हसवू नोका, टाके दुखतात.”

“मोडून पुन्हा पेरू काय, दादा?” जगदेवने विचारलं.

पुंजाजीने डवरा जुंपला. दोन तासांच्या मधून तो सरळ नेला असता तर रोपं उपटली असती. त्याने कासरा हलकेच ओढला. जिथे जगदेव वळला होता तिथे बैल वळवले, जिथे तो थांबून पुन्हा निघाला होता तिथे सावकाश घेतले. शेवटच्या तासापर्यंत तो असाच, जगदेवच्या वळणांवरून चालत गेला.