ढब्बूमामाची नोंद

मोठे साहेब, रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर गार हवेत बसून तुम्ही लोकांची दुखणी एका भामट्याच्या हवाली केलीत. कशी, ते ऐका.

त्या सकाळी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर ‘अंतर्यामी’, कानांवर लांब केस सोडून. आपल्या आजारी माणसाच्या नावातला एकच शब्द उच्चारायचा, की हे डोळे मिटून आजार सांगणार, पत्ता सांगणार, दवाखान्यात सोबत कोण गेलं होतं तेही सांगणार. लोक हुंदके देत त्यांच्या पायांवर लोळत होते.

त्या गर्दीत धाकटी बहीण चिडून बसली होती. शेजारी तिची ताई, हात जोडून. ताईच्या नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अंतर्यामींनी हे न विचारता सांगितलं आणि वर फर्मावलं, “यंत्र सोड!” दोन खेपा चुकल्या. भावजींचे पाय सुजून खांब झाले होते.

“ताई, आजचीही खेप चुकवलीस तर माणूस हातचा जाईल गं.”

“तू गप्प बस. न सांगता त्यांना कळलं कसं मग?”

तेवढ्यात कोणीतरी एक नाव उच्चारलं आणि मंचावरून आवाज आला, “फार गर्दी दिसते रे आत्म्यांची! आणखी एक शब्द दे... हं, आता एकच ज्योत उरली.”

धाकटी ताडकन सरळ बसली. हे तर तिच्याच हातचं काम! रुग्णालयाच्या नोंदी शोधणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. प्रत्येक रोग्याची एक नोंद. तीत नाव, पत्ता, आजार, सोबत असे रकाने आणि प्रत्येकापुढे त्याची माहिती. शोधायचा शब्द टाइप केला, की तो ज्यांत कुठेच नाही त्या नोंदी गळतात. पुष्कळ उरल्या तर आणखी एक शब्द टाकायचा. गाळत गाळत एक उरते. चाळणीला ज्योत म्हणत होता मेला!

आणि त्या नोंदींत तिची एक चूकही होती. प्रोग्राम तपासताना तिने एक रोगी मनानेच रचून टाकला होता. पुसायचा राहून गेलेला.

ती उठली. “महाराज, माझा मामा. ढब्बूमामा.”

अंतर्यामींनी डोळे मिटले. बोट हळूच कानाशी गेलं. “यकृताला सूज... पाण्याच्या टाकीमागे घर... सोबत भाची. आत्ताच ध्यानात भेटला पोरी, फार तळमळतोय बिचारा!”

सभागृह हळहळलं. ताईचे जोडलेले हात मात्र सुटले.

“अगं, आपली आई एकुलती एक! आपल्याला मामा आला कुठून?”

“माझ्या डोक्यातून, ताई.”

धाकटीने मंचावर चढून ते केस बाजूला सारले. कानात बोटाच्या पेराएवढं यंत्र. मागचा पडदा ओढला, तर चेला संगणकापुढे बसलेला आणि स्क्रीनवर एकच नोंद: ढब्बूमामा.

“माया आहे ही!” अंतर्यामी किंचाळले.

“माया कसली? चोरलेली यादी आहे.”

ताईने वळूनही पाहिलं नाही. ती दाराकडे धावत होती. “गाडी बोलव आधी! यांना डायलिसिसला न्यायचंय.”

भावजी वाचले. त्या दुपारी डायलिसिसच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या दोन खाटा रिकाम्या होत्या. त्या दोघांनीही यंत्र सोडलं होतं. त्यांना आणायला कोणी धावलं नाही.

लोकहो, एखाद्याला तुमचं दुखणं ठाऊक आहे म्हणून त्याला त्याचं औषधही ठाऊक असतं का? पाया पडण्याआधी एवढंच विचारा, तुला हे कळलं कुठून?

आणि मोठे साहेब, ती यादी तुमच्या कुलपात होती. किल्ली तुमच्या खिशात होती. बाहेर कोणी दिली? नाव सांगा.